रॉबर्ट बुन्सेन

रॉबर्ट विल्हेल्म एबरहार्ड बुन्सेन (३० मार्च १८११, ग्योटिंगेन – १६ ऑगस्ट १८९९, हायडेलबर्ग) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या बुन्सेन बर्नरमुळे (महाराष्ट्रात 'बन्सन बर्नर' असाही उच्चार रूढ आहे) त्यांचे नाव शाळकरी विद्यार्थ्यांनाही परिचित आहे. वायू जळण्यापूर्वीच त्यात हवा मिसळून घेणे हे या बर्नरचे मूलतत्त्व होय. पुढे गॅसची शेगडी, पाणी तापवण्याचा गॅस गीझर, खोली उबदार ठेवणारी गॅस शेगडी आणि गॅसबत्ती या साधनांनी याच तत्त्वाचा उपयोग केला. गुस्टाव्ह किर्खहोफ यांच्यासह त्यांनी वर्णपट विश्लेषणाचा पाया घातला, तसेच सीझियम आणि रुबिडियम या मूलद्रव्यांचा शोध लावला. झोतभट्टीतून वाया जाणाऱ्या वायूंचे त्यांनी केलेले मोजमाप हे इंधनाच्या काटकसरीच्या अभ्यासातील आरंभीच्या महत्त्वाच्या कामांपैकी एक मानले जाते. आपल्या कोणत्याही शोधाचे एकस्व (पेटंट) त्यांनी घेतले नाही.

== प्रारंभिक जीवन आणि शिक्षण ==

बुन्सेन यांचा जन्म ग्योटिंगेन येथे एका सुशिक्षित कुटुंबात झाला. त्यांचे वडील क्रिस्टियान बुन्सेन हे ग्योटिंगेन विद्यापीठात ग्रंथपाल आणि आधुनिक भाषांचे प्राध्यापक होते. चार भावांमध्ये रॉबर्ट धाकटे होते. काही संदर्भग्रंथांत त्यांची जन्मतारीख ३१ मार्च अशी आढळते.

होल्ट्समिंडेन येथील शालेय शिक्षण संपवून १८२८ मध्ये त्यांनी ग्योटिंगेन विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे फ्रीडरिख श्ट्रोमायर यांच्याकडे त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. गणितज्ञ कार्ल फ्रीडरिख गाउस हेही त्यांचे शिक्षक होते. १८३१ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर सरकारी शिष्यवृत्तीच्या आधारे १८३२ आणि १८३३ या वर्षांत त्यांनी जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्सचा प्रवास केला. या प्रवासात प्रयोगशाळांबरोबरच कारखाने, खाणी आणि भट्ट्याही त्यांनी बारकाईने पाहिल्या. उद्योगातील प्रत्यक्ष अडचण घेऊन तिचे मोजमाप करायचे, ही त्यांच्या पुढील संशोधनाची पद्धत या अनुभवातून घडली.

== ग्योटिंगेन, कासल आणि मारबुर्ग ==

१८३३ मध्ये बुन्सेन ग्योटिंगेन येथे अध्यापन करू लागले. आर्सेनिकच्या विषबाधेवर नुकताच अवक्षेपित केलेला लोहाचा सजल ऑक्साइड उतारा म्हणून उपयोगी पडतो, हे त्यांनी आर्नोल्ड बेर्टहोल्ड या वैद्यकाच्या साहाय्याने १८३४ मध्ये दाखवले. विद्राव्य आर्सेनिक या ऑक्साइडाशी बांधले जाऊन अविद्राव्य बनते. पुढील काळात बुन्सेन स्वतःच आर्सेनिकच्या संयुगांवर काम करू लागले, तेव्हा हे ज्ञान त्यांच्याही उपयोगी आले.

१८३६ मध्ये फ्रीडरिख व्होलर यांच्या जागी कासल येथील तंत्रशाळेत त्यांची नेमणूक झाली. १८३९ मध्ये ते मारबुर्ग विद्यापीठात गेले आणि १८४१ मध्ये तेथे पूर्ण प्राध्यापक झाले. या काळात त्यांनी कॅकोडिल या आर्सेनिकयुक्त संयुगांच्या गटावर संशोधन केले. ही संयुगे अत्यंत विषारी आणि दुर्गंधीयुक्त असून त्यांपैकी काही हवेच्या संपर्कात येताच पेट घेतात. कॅकोडिल सायनाइडच्या एका स्फोटात काचेचा तुकडा लागून बुन्सेन यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. आर्सेनिकच्या विषबाधेमुळे ते मरणाच्या दारातून परत आले. तरीही हे संशोधन त्यांनी पूर्ण केले. अणूंचा एखादा गट अनेक संयुगांत अखंडपणे वावरतो, या तत्कालीन कल्पनेला त्यातून मोठा आधार मिळाला. यानंतर मात्र ते सेंद्रिय रसायनशास्त्राकडे फारसे वळले नाहीत.

१८४१ मध्ये त्यांनी विद्युत् घटातील महागड्या प्लॅटिनमच्या जागी कार्बनचा अग्र वापरला. कार्बन आणि जस्त यांचा हा 'बुन्सेन घट' स्वस्त असल्यामुळे सर्वत्र वापरला जाऊ लागला.

== झोतभट्टीतील वायूंचा अभ्यास ==

१८३८ पासून बुन्सेन यांनी लोखंड वितळवणाऱ्या झोतभट्ट्यांकडे लक्ष दिले. त्या काळी भट्टीच्या तोंडातून बाहेर पडणारे वायू उघड्यावर जळून जात. रात्री दुरूनही दिसणाऱ्या या ज्वाळा कारखान्याच्या भरभराटीची खूण समजल्या जात. या ज्वाळांबरोबर किती इंधन वाया जाते, याचे नेमके मोजमाप फारसे झालेले नव्हते.

बुन्सेन यांनी भट्टीत वेगवेगळ्या खोलीवर नळ्या सोडून वायूंचे नमुने काढले आणि त्यांचे पृथक्करण केले. बाहेर जाणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मोठे आहे, म्हणजेच तो अर्धवट जळालेला आणि पुन्हा जाळता येण्याजोगा आहे, असे त्यांना आढळले. लोणारी कोळशावर चालणाऱ्या जर्मन भट्ट्यांत इंधनातील सुमारे निम्मी उष्णता वाया जात होती. पुढे इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातील आल्फ्रेटन येथील दगडी कोळशाच्या भट्टीवर त्यांनी लायन प्लेफेअर यांच्यासह असेच मोजमाप केले. तेथे वाया जाणाऱ्या उष्णतेचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक निघाले. दोघांनी हा अहवाल १८४५ मध्ये ब्रिटिश असोसिएशनपुढे मांडला. भट्टीच्या तोंडाशीच वायू गोळा करून त्यावर बाष्पित्र तापवावे आणि भट्टीत सोडायची हवाही गरम करावी, असे त्यांनी सुचवले. पुढील काळात झोतभट्टीतील वायूचा असा वापर लोखंड उद्योगात सर्वमान्य झाला.

या कामासाठी बुन्सेन यांना वायू गोळा करण्याच्या, मोजण्याच्या आणि त्यांचे घटक वेगळे करण्याच्या नव्या पद्धती शोधाव्या लागल्या. त्या त्यांनी १८५७ मध्ये वायुमापनावरील एका ग्रंथात एकत्र केल्या. हेन्री रॉस्को यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले.

== आइसलँडचा प्रवास ==

हेक्ला ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर १८४६ मध्ये डेन्मार्कच्या सरकारने आइसलँडला एक मोहीम पाठवली. तीत बुन्सेन सहभागी झाले. तेथील गेसिर या उष्ण पाण्याच्या कारंज्याच्या नळीत तापमापक सोडून त्यांनी निरनिराळ्या खोलीवरील तापमान मोजले. वरच्या पाण्याच्या दाबामुळे खालचे पाणी १०० अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापूनही उकळत नाही. काही पाणी वर ढकलले गेले की दाब घटतो, खालचे पाणी एकाएकी उकळते आणि कारंजे उसळते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. ते थोड्याफार सुधारणांसह आजही ग्राह्य आहे. स्नानगृहातील पाणी तापवण्याच्या यंत्राला मराठीत रूढ झालेला 'गीझर' हा शब्द याच आइसलँडी कारंज्याच्या नावावरून आला आहे.

== हायडेलबर्ग आणि बर्नर ==

ब्रेस्लाऊ येथे अल्पकाळ काम केल्यावर १८५२ मध्ये बुन्सेन हायडेलबर्ग विद्यापीठात लेओपोल्ड ग्मेलिन यांच्या जागी रुजू झाले. त्यांच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधण्याचे तेव्हा ठरले आणि १८५५ मध्ये ती पूर्ण झाली. याच सुमारास हायडेलबर्ग शहरात रस्त्यांवरील दिव्यांसाठी दगडी कोळशापासून काढलेला वायू नळांनी येऊ लागला होता. बुन्सेन यांनी हा वायू प्रयोगशाळेतील टेबलांपर्यंत आणवला.

तोपर्यंत रसायनशास्त्रज्ञ उष्णतेसाठी मुख्यतः कोळशाच्या शेगड्या आणि स्पिरिटचे दिवे वापरत. नळाच्या वायूवर चालणारे बर्नरही होते, परंतु त्यांत दोष होते. नुसता वायू पेटवला तर ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी होई. तिच्यातील कार्बनचे कण पूर्ण न जळता तापून चमकत. अशी ज्योत उजेडाला चांगली असली तरी उष्णतेला कमी पडे आणि भांडे काळे करी. मायकेल फॅरेडे यांनी १८२७ मध्ये हवा मिसळणाऱ्या एका बर्नरचे वर्णन केले होते. जाळीच्या तोंडाचे बर्नरही इंग्लंडमध्ये वापरात होते. रॉस्को यांनी असा एक बर्नर हायडेलबर्गला आणला होता, पण त्याची ज्योत बुन्सेन यांना पसंत पडली नाही. ती अस्थिर होती आणि हवेचे प्रमाण अधिक असल्यामुळे पुरेशी उष्णही नव्हती.

बुन्सेन यांनी विद्यापीठातील यंत्रकार पेटर देसागा यांच्यापुढे नव्या बर्नरची कल्पना मांडली. वायू बारीक छिद्रातून जोराने एका उभ्या नळीत शिरावा, त्या वेगाने नळीच्या तळाशी असलेल्या छिद्रांतून हवा आत ओढली जावी, दोन्ही नळीतच मिसळावेत आणि हे मिश्रण नळीच्या वरच्या तोंडाशी जळावे, अशी ती योजना होती. भाता किंवा पंखा यांची गरज उरली नाही, कारण वायूचा झोतच आपल्याला लागणारी हवा खेचून घेई. छिद्रांचे आकार आणि नळीची मापे देसागा यांनी प्रयोग करून निश्चित केली. नवी प्रयोगशाळा सुरू होईपर्यंत त्यांनी विद्यार्थ्यांसाठी सुमारे ५० बर्नर तयार केले. बुन्सेन आणि रॉस्को यांनी १८५७ मध्ये या बर्नरचे वर्णन प्रसिद्ध केले.

या ज्योतीचे तापमान सुमारे १,५०० अंश सेल्सियसपर्यंत जाते. तिच्या आतल्या निळ्या शंकूच्या टोकाच्या किंचित वर उष्णता सर्वांत अधिक असते. बाहेरच्या भागात ऑक्सिडीकरण आणि आतल्या भागात क्षपण घडते. त्यामुळे एकाच ज्योतीत दोन्ही प्रकारच्या परीक्षा करता येतात. बुन्सेन यांनी १८६६ मध्ये अशा परीक्षांची सविस्तर माहिती प्रसिद्ध केली.

=== एकस्व आणि श्रेयाचा प्रश्न ===

या बर्नरला बाजारात मोठी मागणी येणार हे उघड होते. तरीही विज्ञानातून धन मिळवू नये अशी बुन्सेन यांची धारणा असल्यामुळे त्यांनी एकस्व घेतले नाही. देसागा यांनीही ते घेतले नाही, मात्र बर्नर बनवून विकण्याचा व्यवसाय त्यांनी केला. खुल्या राहिलेल्या या रचनेवर लवकरच इतरांनी हक्क सांगितला आणि ही कल्पना आपलीच असल्याचे दावे झाले. तेव्हा बुन्सेन आणि देसागा यांना त्या दाव्यांचे लेखी खंडन करावे लागले. नावाचे श्रेय बुन्सेन यांच्याकडे राहिले. प्रत्यक्ष उपकरण घडवणारे देसागा मात्र सामान्य वाचकांना फारसे ठाऊक नाहीत. फॅरेडे यांच्यासारख्या पूर्वसूरींचा वाटा लक्षात घेता हा बर्नर एकट्याचा शोध नसून अनेकांच्या प्रयत्नांना मिळालेले यशस्वी रूप होते, असे विज्ञानाचे इतिहासकार मानतात.

== वर्णपट विश्लेषण ==

बुन्सेन बर्नरची ज्योत जवळजवळ रंगहीन असते. त्यामुळे तिच्यात धरलेल्या क्षाराचा रंग स्वच्छ दिसतो. क्षार ओळखण्यासाठी बुन्सेन रंगीत काचांतून ही ज्योत पाहत असत. त्याऐवजी लोलकातून प्रकाश पाहावा, असे किर्खहोफ यांनी सुचवले. १८५९ मध्ये दोघांनी बनवलेल्या वर्णपटदर्शकातून प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक रेषा दिसू लागल्या.

या पद्धतीने १८६० मध्ये ड्युर्कहाइम येथील खनिजयुक्त पाण्यात त्यांना दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. ते मूलद्रव्य हाती येण्यासाठी सुमारे ४० टन पाणी आटवावे लागले आणि त्यातून जेमतेम काही ग्रॅम क्षार मिळाला. आकाशी निळा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला सीझियम हे नाव दिले गेले. १८६१ मध्ये लेपिडोलाइट या खनिजात गडद तांबड्या रेषांचे रुबिडियम सापडले. पुढे थॅलियम आणि इंडियम ही मूलद्रव्येही इतर संशोधकांना याच पद्धतीने सापडली. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातील काळ्या रेषांचा अर्थ किर्खहोफ यांनी लावल्यानंतर ताऱ्यांची रासायनिक घडण ओळखणे शक्य झाले.

== इतर संशोधन ==

बुन्सेन यांनी विद्युत् अपघटनाने मॅग्नेशियम धातू मिळवला. रॉस्को यांच्यासह त्यांनी प्रकाशामुळे घडणाऱ्या रासायनिक विक्रियांचे दीर्घकाळ मोजमाप केले. १८६८ मध्ये त्यांनी पाण्याच्या प्रवाहाने निर्वात निर्माण करणारा गाळणपंप तयार केला आणि १८७० मध्ये बर्फाचा उष्णतामापक बनवला. बर्फ वितळताना होणाऱ्या आकारमानाच्या बदलावरून अल्प प्रमाणातील उष्णताही या उपकरणाने मोजता येत असे.

== अध्यापन आणि व्यक्तिमत्त्व ==

हायडेलबर्ग येथील त्यांच्या प्रयोगशाळेत अनेक देशांचे विद्यार्थी येत. रॉस्को, आडोल्फ फोन बायर, लोथार मायर आणि कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांनी तेथे शिक्षण घेतले. दिमित्री मेंडेलीव्ह यांनीही १८५९ ते १८६१ या काळात हायडेलबर्ग येथे संशोधन केले. बुन्सेन अविवाहित राहिले. आपली उपकरणे ते शक्यतो स्वतः बनवत आणि सैद्धांतिक वादांपासून दूर राहत. रॉयल सोसायटीने १८६० मध्ये त्यांना कॉप्ली पदक दिले, तर १८७७ मध्ये पहिले डेव्ही पदक त्यांना आणि किर्खहोफ यांना विभागून मिळाले. १८८९ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, ते निवृत्त झाले. अखेरची वर्षे त्यांनी भूविज्ञान आणि खनिजविज्ञानाच्या अभ्यासात घालवली. १८९९ मध्ये हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

== घरगुती साधनांवरील प्रभाव ==

वायूवर स्वयंपाक करण्याची कल्पना बुन्सेन यांच्यापूर्वीची आहे. इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टन येथील जेम्स शार्प यांनी १८२६ मध्ये गॅसच्या चुलीचे एकस्व घेतले होते. परंतु हवा न मिसळलेल्या ज्योतीमुळे अशा चुलींत काजळी आणि इंधनाचा अपव्यय या अडचणी होत्या. हवा आधी मिसळणारा बर्नर उपलब्ध झाल्यावर त्या दूर करण्याचा मार्ग सापडला. १८५६ मध्ये पेटिट आणि स्मिथ या इंग्रज कंपनीने याच तत्त्वावर खोली उबदार ठेवणारी गॅस शेगडी बाजारात आणली. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉघन यांनी वाहते पाणी वायूच्या ज्योतीवर तापवणारे यंत्र तयार केले आणि त्याला 'गीझर' हे नाव दिले. जळालेला वायू बाहेर नेणारे धुराडे नसल्यामुळे ते यंत्र धोक्याचे होते. बंद स्नानगृहात गॅस गीझर वापरताना हवा खेळती ठेवण्याची दक्षता आजही घ्यावी लागते. ज्वलनाला हवा अपुरी पडली की, बुन्सेन यांना झोतभट्टीत आढळलेला कार्बन मोनॉक्साइड हाच विषारी वायू तेथेही तयार होतो.

बुन्सेन यांचे विद्यार्थी वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये गॅसबत्तीच्या मँटलचे एकस्व घेतले. काजळीविरहित उष्ण ज्योतीत धातूंच्या ऑक्साइडांची जाळी तापून पांढरा प्रकाश देते. लग्नाच्या वरातीत आणि गावच्या जत्रेत दिसणाऱ्या पेट्रोमॅक्स बत्तीचे मँटल याच शोधातून आले.

मुंबईत १८६० च्या दशकात रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. स्वयंपाकासाठी द्रवरूप पेट्रोलियम वायू (एलपीजी) भारतात १९५० च्या दशकात मुंबईतून वापरात येऊ लागला. आजच्या घरगुती शेगडीत नॉब फिरवल्यावर वायू लहान जेटमधून मिश्रणनळीत जातो, जाताना हवा ओढून घेतो आणि बर्नरच्या छिद्रांशी निळा जळतो. ही रचना आडवी असली तरी तत्त्व देसागा यांच्या उभ्या नळीचेच आहे. भारतीय मानकानुसार अशा शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली, तर मिश्रणात हवा कमी पडत असल्याचे समजावे. जेट किंवा बर्नरची छिद्रे साफ केल्यावर ती बहुधा पुन्हा निळी होते.

ज्या वायूला जितकी हवा लागते, त्यानुसार बर्नरची मापे बदलतात. एक घनमीटर ब्युटेन पूर्ण जाळण्यासाठी सुमारे ३१ घनमीटर हवा लागते, तर मिथेनला सुमारे ९.५ घनमीटर पुरते. गोबरगॅसमध्ये मिथेनबरोबर मोठ्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड असतो. त्यामुळे त्याला हवा आणखी कमी लागते, ज्योत सावकाश पसरते आणि जेट व बर्नरची छिद्रे मोठी ठेवावी लागतात. एलपीजीची शेगडी बदल न करता गोबरगॅसला जोडली तर ती नीट चालत नाही, याचे कारण हेच आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकापासून गोबरगॅस संयंत्रांचा प्रसार केला. बुलढाणा जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागांत गोठ्यातील शेणावर चालणाऱ्या शेगडीतही बुन्सेन यांचेच तत्त्व वापरले जाते. ग्रामीण शाळांच्या प्रयोगशाळांत नळाचा वायू नसल्यामुळे पुष्कळदा स्पिरिटचा दिवाच वापरावा लागतो. अशा शाळांतील विद्यार्थ्यांना बुन्सेन बर्नर प्रथम पाठ्यपुस्तकातील आकृतीत दिसतो, पण त्याचे कार्य घरच्या शेगडीवर रोज पाहता येते.